दोन देशांचे शेअर बाजार जोडायचे कसे? आधी सेटलमेंट बघा, स्क्रीन सगळ्यात शेवटी

मी बरीच वर्षं मुंबईत फोर्टमध्ये कस्टडीच्या (गिऱ्हाइकांचे शेअर सांभाळायच्या) बॅक ऑफिसला काढली, म्हणजे सौदा झाल्यावर ज्यांची कटकट सुरू होते त्या लोकांपैकी मी एक. त्यामुळे अमुक देशाचं एक्स्चेंज तमुक देशाच्या एक्स्चेंजला जोडलं, दोन चेअरमननी मिळून घंटा वाजवली, असा फोटो दिसला की माझा पहिला प्रश्न असतो, शेअर कोणाच्या खात्यात बसणार आणि पैसे कुठल्या दिवशी येणार? यालाच सेटलमेंट म्हणतात.

विकसनशील देशांमध्ये असे प्रयोग गेली २५-३० वर्षं चालू आहेत. पश्चिम आफ्रिका, दक्षिण अमेरिका, आसियान, बाल्कन, आपल्याकडे ब्रिक्स. कारण सगळीकडे तेच, बाजार छोटे, कंपन्या कमी, सौदे पातळ, परदेशी फंड म्हणतात एवढ्याशा मार्केटसाठी आम्ही वेगळा माणूस का ठेवू, मग चार छोटे मिळून एक मोठा दाखवायचा. कल्पना चुकीची नाहीच. पण बहुतेक ठिकाणी काम उलट्या बाजूने सुरू होतं, आधी ऑर्डर पाठवायचं सॉफ्टवेअर जोडतात कारण ते दिसतं, आणि सेटलमेंट, करन्सी, टॅक्स हे सगळं "नंतर बघू".

तर एक्स्चेंज, डिपॉझिटरी (शेअर कोणाचा याची नोंद ठेवणारी संस्था), ब्रोकरचं आयटी यात काम करणाऱ्यांसाठी, किंवा कॉलेजात यावर प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी, मी करायला बसलो तर कुठल्या क्रमाने करीन ते लिहितोय. मुख्य उदाहरण घेतलंय मिलाचं, म्हणजे चिली, कोलंबिया, पेरू आणि नंतर मेक्सिको यांचा एकत्रित बाजार, कारण त्यांनी बऱ्याच गोष्टी नीट केल्या आणि तरीही सौदे फार वाढले नाहीत, त्यामुळे शिकायला उत्तम केस आहे.

पायरी ० : गिऱ्हाईक कोण ते नाव घेऊन सांगा

"गुंतवणूकदारांना फायदा होईल" हे उत्तर नाही. कोणता गुंतवणूकदार? लिमातला पगारदार? सँटियागोतला पेन्शन फंड? न्यूयॉर्कचा फंड मॅनेजर?

मिला ३० मे २०११ ला सुरू झालं, सँटियागो (चिली), बोगोटा (कोलंबिया) आणि लिमा (पेरू). मेक्सिको २०१४ मध्ये आलं. कागदावर जोडी मस्त होती, पेरूत खाणी, चिलीत रिटेल आणि वीज, कोलंबियात तेल आणि बँका, म्हणजे एकाकडे नाही ते दुसऱ्याकडे. पण एक गोष्ट बघा. चिलीची एसक्यूएम, कोलंबियाची इकोपेट्रोल, पेरूचा क्रेडिकॉर्प ग्रुप, हे सगळे न्यूयॉर्कलाही लिस्टेड आहेत, डॉलरमध्ये, भरपूर लिक्विडिटीसकट. मग लिमातल्या माणसाने एसक्यूएम घ्यायला सँटियागोला का जावं? खरा स्पर्धक शेजारचा बाजार नव्हताच, न्यूयॉर्क होतं.

म्हणून पहिलं काम, एक कोरी शीट घ्या, जोडायच्या बाजारांतल्या टॉप ३० कंपन्या लिहा आणि समोर लिहा की हा शेअर आज परदेशातून दुसऱ्या कुठल्या रस्त्याने मिळतो, एडीआर किंवा जीडीआर (परदेशी बाजारात मिळणारी शेअरची पावती), ईटीएफ (शेअरची टोपली असलेला फंड) काहीही. जे उरतील तेवढाच तुमचा माल. फारच थोडे उरले तर पुढच्या पायऱ्या चढायच्या आधी थांबा.

दुसरा कॉलम पेन्शन फंडांचा. लॅटिन अमेरिकेत मोठा पैसा तिथेच असतो. शेजारच्या देशाचा शेअर त्यांच्या नियमात "परदेशी" मोजला जातो का हे आधी विचारा, कारण मोजला जात असेल तर तो अमेरिकन शेअरशी त्याच मर्यादेत भांडतो आणि बहुतेक वेळा हरतो. आणि हा पैसासुद्धा कायमचा धरू नका, चिलीत २०२० आणि २०२१ मध्ये लोकांना पेन्शन खात्यातून तीनदा १०-१० टक्के काढायची परवानगी मिळाली आणि फंडांना माल विकावा लागला.

पायरी १ : रेग्युलेटर

इथे दोनच गोष्टी महत्त्वाच्या. एक, तुमच्याकडे रजिस्टर झालेला शेअर माझ्या देशातल्या लोकांना विकायला परत प्रॉस्पेक्टस लागणार का? मिलाने हे बरं सोडवलं, एका देशात नोंद असलेला शेअर बाकीच्यांनी मान्य केला, म्हणजे कंपनीला काहीच करावं लागलं नाही, फी नाही, वकील नाही. दोन, सौदा जिथे झाला तिथले नियम लागतील, पण गिऱ्हाइकाची तक्रार त्याच्या घरच्या ब्रोकरवर घरच्याच रेग्युलेटरकडे जाईल. हे इतकं साधं वाक्य करारात स्पष्ट नसेल ना, तर पहिल्या भांडणात सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात.

इनसायडर ट्रेडिंगची चौकशी, माहितीची देवाणघेवाण यासाठी आयोस्कोचा (जगभरच्या बाजार रेग्युलेटरांच्या संघटनेचा) २००२ चा बहुपक्षीय करार आहे, दोन्ही देशांनी त्यावर सही केलीय का ते तपासा. नसेल तर आधी ते करून घ्या, त्यालाच वेळ लागतो.

पायरी २ : डिपॉझिटरी (इथे वेळ घालवा)

मिलाचं सगळ्यात चांगलं काम हेच. चिलीची डीसीव्ही, कोलंबियाची डेसेव्हाल, पेरूची काव्हाली, यांनी एकमेकांकडे खाती उघडली. मग मेक्सिकोची इंडेव्हाल आली.

चालतं कसं ते एका सौद्यावर बघू. लिमातल्या बाईंनी सँटियागोचा फालाबेला घ्यायचा ठरवला. त्या आपल्या लिमाच्या ब्रोकरला सांगतात. त्या ब्रोकरचा सँटियागोच्या एका ब्रोकरशी करार असतो, ऑर्डर त्याच्या नावाने सँटियागोच्या बाजारात जाते, सौदा चिलीच्या पेसोत बसतो. शेअर चिलीत डीसीव्हीकडेच राहतो, पण काव्हालीच्या नावाच्या खात्यात, आणि काव्हाली लिमामध्ये बाईंच्या नावावर तो दाखवते. बाईंना परदेशात खातं उघडावं लागलं नाही, त्यांच्या स्टेटमेंटमध्ये पेरूच्या शेअरशेजारी चिलीचा शेअर दिसतो.

छान. पण आता हे प्रश्न विचारा, आणि उत्तरं लेखी घ्या.

वरचं खातं एकगठ्ठा आहे का गिऱ्हाइकागणिक वेगळं? एकगठ्ठा असेल तर उद्या मधली संस्था अडचणीत आली तर शेअर बाईंचा की संस्थेचा, हे त्या देशाचा कायदा काय म्हणतो? शांघाय-हाँगकाँग कनेक्ट २०१४ ला सुरू झालं तेव्हा परदेशी फंड याच मुद्द्यावर अडून बसले होते, की नॉमिनीच्या, म्हणजे मधल्या संस्थेच्या, नावावरचा शेअर चीनच्या कोर्टात माझा मानतील का. त्यावर खास खुलासे काढावे लागले.

मग कॉर्पोरेट ॲक्शन, म्हणजे कंपनीने जाहीर केलेला डिव्हिडंड, राइट्स वगैरे. डिव्हिडंड येतोच हो, उशिरा का होईना. राइट्स इश्यूमध्ये (जुन्या शेअरधारकांना नवे शेअर देऊ करतात तेव्हा) मात्र फजिती होते. कंपनीने दिलेली शेवटची तारीख, त्याच्या आधी तिथल्या डिपॉझिटरीची, त्याच्या आधी इथल्या डिपॉझिटरीची, त्याच्या आधी ब्रोकरची, असं करत करत गिऱ्हाइकाच्या हातात उरतात दोन दिवस, आणि मेल गेलेला असतो स्पॅनिशमध्ये, इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये, त्याला कळेल अशा भाषेत नाहीच. तारखांची ही उतरंड करारासोबत टेबल करून जोडा.

पायरी ३ : किती दिवसांत सेटलमेंट आणि कुठल्या सुट्ट्या

आपल्याकडे जानेवारी २०२३ पासून सगळे शेअर टी प्लस १ वर, म्हणजे सौद्याच्या दुसऱ्या कामाच्या दिवशी सेटलमेंट, आहेत, त्यामुळे आपल्याला दोन दिवसही जास्त वाटायला लागलेत. मे २०२४ मध्ये अमेरिका आणि कॅनडाबरोबर मेक्सिकोही टी प्लस १ वर गेलं, कारण त्यांचा धंदा अमेरिकेशी. चिली, कोलंबिया, पेरू तेव्हा टी प्लस २ वर. म्हणजे एकाच कुटुंबात दोन घड्याळं. मेक्सिकोत शेअर घ्यायचा तर पैसे उद्या हवेत, आणि ते उभे करायला तुम्ही सँटियागोत विकलेल्या शेअरचे पैसे येणार परवा. मधल्या एका दिवसाचं फंडिंग कोण करणार? ब्रोकर. तो व्याज लावणार. लावणारच.

सुट्ट्यांचं तर विचारूच नका. पेरू २८-२९ जुलै बंद, कोलंबिया २० जुलै, चिली १८-१९ सप्टेंबर, मेक्सिको १६ सप्टेंबर. त्यात चिली वर्षातून दोनदा घड्याळ पुढेमागे करतं, लिमा आणि बोगोटा करत नाहीत, म्हणजे बाजार एकाच वेळी उघडे असण्याचे तास ऋतूप्रमाणे बदलतात.

हे किरकोळ वाटत असेल तर माझा किस्सा ऐका. एकदा आमच्या डेस्कवर, नाव नको, एका परदेशी बाजाराची सुट्टी कॅलेंडरमध्ये टाकायची राहिली, सिस्टिमने सेटलमेंटची तारीख एक दिवस आधीची काढली, पैसे आदल्या दिवशी जाऊन पडून राहिले आणि क्लायंटने त्या एका रात्रीच्या व्याजासाठी तीन आठवडे मेल चालवले. रक्कम हास्यास्पद होती पण माझी दिवाळी त्यात गेली. तेव्हा एक सामायिक कॅलेंडर, त्याचा एकच मालक, आणि बदल झाला तर किती दिवस आधी कळवायचं हा नियम, हे पहिल्याच महिन्यात करून टाका. आणि ज्या दिवशी शेअर बाजार चालू पण बँका बंद, ते दिवस वेगळ्या रंगात!

पायरी ४ : करन्सी

बहुतेक जोडण्या मरतात त्या इथे.

पेरूचा सोल देऊन थेट चिलीचा पेसो देणारा बाजार नावापुरता. सोलचा डॉलर, डॉलरचा पेसो, असं दोनदा बदलायचं. समजण्यापुरते आकडे धरू, खरे प्रत्येकाचे वेगळे: घरचा ब्रोकर ०.५ टक्के, तिथला ब्रोकर ०.३, करन्सीचे दोन फेरे ०.४-०.४. झाले १.६. विकताना परत तेवढेच, ३.२ टक्के. म्हणजे शेअर तीन टक्क्यांहून जास्त चढला तरच बाई मुद्दलात. हेच न्यूयॉर्कचा एडीआर घेतला तर करन्सी एकदाच बदलते आणि कित्येकांचं डॉलर खातं आधीच असतं. ही शीट तुमच्या दोन देशांसाठी खऱ्या आकड्यांनी भरा आणि बोर्ड मीटिंगला पहिल्या पानावर लावा, प्रेझेंटेशनच्या ४७ व्या स्लाइडवर नाही.

उलट उदाहरण बीआरव्हीएमचं. आबिदजानचं हे एक्स्चेंज १९९८ पासून ८ देशांचं मिळून एकच आहे: बेनिन, बुर्किना फासो, आयव्हरी कोस्ट, गिनी-बिसाऊ, माली, नायजर, सेनेगल, टोगो. प्रत्येक देशात त्यांची शाखा, डिपॉझिटरी एक, रेग्युलेटर एक. हे जमलं कारण सीएफए फ्रँक ही करन्सी आणि मध्यवर्ती बँक आधीपासूनच एक होती, बाजार नंतर आला. सेनेगलची सोनाटेल कंपनी टोगोच्या माणसाने घेतली तर करन्सीचा प्रश्नच नाही. तरी कंपन्या पन्नाशीच्या आतबाहेर आणि बऱ्याचशा एकट्या आयव्हरी कोस्टच्या, म्हणजे करन्सी सुटली म्हणून बाकी सगळं सुटतं असंही नाही. आणि राजकारण. २०२२ मध्ये मालीवर आणि २०२३ मध्ये सत्तापालटानंतर नायजरवर शेजाऱ्यांनीच निर्बंध लावले, पैसे अडकले, त्या सरकारांच्या रोख्यांचे हप्ते प्रादेशिक बाजारात चुकले. एकच बँक म्हणजे एकच नळ, आणि तो बंदही करता येतो.

पैसे बाहेर नेता येतात का हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकावरून सोडवू नका, बँकेच्या डेस्कला फोन करून सोडवा. नायजेरियात नियमाने परवानगी होती पण डॉलरच मिळत नव्हते, परदेशी फंडांचे पैसे अडकून बसले आणि २०२३ मध्ये इंडेक्स बनवणाऱ्या फुट्सी रसेलने त्यांना फ्रंटियर मार्केटच्या (छोट्या, नवख्या बाजारांच्या) यादीतून काढलं. विचारायचा प्रश्न असा, "मागच्या तीन महिन्यांत पैसे बाहेर पाठवायला अर्ज केल्यापासून किती दिवस लागले?"

पायरी ५ : टॅक्स

थोडक्यात. लिमातल्या बाईंना चिलीत टॅक्स, पेरूत टॅक्स, की दोन्हीकडे? चिलीत भरपूर उलाढाल असलेल्या शेअरच्या नफ्यावर आधी टॅक्स नव्हता, सप्टेंबर २०२२ पासून १० टक्के आला. असा बदल झाला की जोडणीचं गणित एका रात्रीत बदलतं. करारात टॅक्स कोण कापणार, कापल्याचं सर्टिफिकेट कोण देणार आणि ते घरच्या देशात चालणार का, एवढं तरी असू द्या. दुहेरी करआकारणी टाळायचा करार नसेल तर मी पुढे जाणार नाही.

पायरी ६ : आता कुठे स्क्रीन

खरं सांगायचं तर हा भाग सोपा आहे. फिक्स प्रोटोकॉलने (ऑर्डर पाठवायच्या ठरलेल्या कॉम्प्युटर भाषेने) ऑर्डर पाठवणं जगभर सगळ्यांना येतं. मध्ये एक हब टाका, प्रत्येक एक्स्चेंज हबला जोडा, झालं. बाल्कनमध्ये सी लिंक नावाने स्कोप्येला २०१४ मध्ये कंपनी काढली, युरोपियन पुनर्बांधणी बँकेने पैसे दिले, २०१६ ला बल्गेरिया, मॅसेडोनिया आणि झाग्रेबच्या बाजारांत सौदे चालू. आफ्रिकेत आफ्रिकन डेव्हलपमेंट बँकेच्या मदतीने ७ एक्स्चेंज जोडायचा प्रकल्प, त्यात जोहान्सबर्ग, नैरोबी, कासाब्लांका, लागोस, कैरो, मॉरिशस आणि वर सांगितलेलं आबिदजान, त्याचाही प्लॅटफॉर्म २०२२ अखेर सुरू झाला.

आसियानचं मात्र आठवतं तेव्हा वाईट वाटतं. सप्टेंबर २०१२ मध्ये मलेशिया आणि सिंगापूर, पुढच्याच महिन्यात थायलंड, केवढा गाजावाजा. ऑर्डर इकडून तिकडे जायची, पण क्लिअरिंग-सेटलमेंट एक केलेलं नव्हतं, इंडोनेशिया, फिलिपिन्स, व्हिएतनाम त्या लिंकवर आलेच नाहीत, आणि मोठ्या ब्रोकर्सची तिन्ही देशांत स्वतःची ऑफिसं आधीच होती, त्यांना या लिंकची गरज काय? काही वर्षांत ती बंद पडली. ब्रोकरना आधी विचारा, लेखी, की तुम्ही सध्या ही ऑर्डर कशी पाठवता आणि आमच्याकडून पाठवली तर किती वाचतील. १० पैकी ७ जण गप्प बसले तर समजून जा.

पायरी ७ : सुरुवातीचे सौदे येणार कुठून

हे आपल्या दलाल स्ट्रीटवर पाहिलेलं आहे. मार्च २०१२ मध्ये ब्रिक्सच्या एक्स्चेंजेसनी एकमेकांच्या इंडेक्सचे फ्युचर्स ठेवले, बीएसईवर रुपयात ब्राझीलचा बोव्हेस्पा, हाँगकाँगचा हँग सेंग, रशियाचा मायसेक्स, दक्षिण आफ्रिकेचा टॉप ४०. करन्सीचा प्रश्न नाही, परदेशी खातं नाही, सगळं सोपं. पण ब्राझील उघडतं तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ, बाजार बंद, मग भाव कोण देणार आणि तो हेज (धोका झाकायचा उलटा सौदा) कुठे करणार? सौद्यांचे आकडे कधी वर आलेच नाहीत.

याच्या शेजारी गिफ्ट निफ्टी ठेवून बघा. सिंगापूरला निफ्टीचे फ्युचर्स आधीपासून दणकून चालायचे. २०१८ मध्ये भारतीय एक्स्चेंजेसनी ठरवलं की परदेशात डेटा द्यायचा नाही, त्यावरून भांडण मुंबई हायकोर्ट आणि लवादापर्यंत गेलं, मग तडजोड झाली, जुलै २०२२ ला गिफ्ट सिटी आणि सिंगापूर जोडणाऱ्या कनेक्टचं उद्घाटन आणि ३ जुलै २०२३ पासून एसजीएक्स (सिंगापूर एक्स्चेंज) निफ्टी बंद, सगळा ओघ गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत. डॉलरमध्येच, तेच मेंबर, जवळजवळ दिवसभर. इथे नवीन गिऱ्हाईक तयार करावं लागलं नाही, चालू नदीचा फक्त काठ बदलला. तेव्हा तुमच्या दोन देशांमध्ये असा आधीपासून चालू असलेला एखादा प्रवाह आहे का, अनधिकृत का असेना, तो शोधा. पूर्व आफ्रिकेत केनियाच्या केसीबी, ईएबीएल वगैरे कंपन्या युगांडा, टांझानियाच्या बाजारातही लिस्टेड आहेत, पण सौदे नैरोबीतच होतात, शेजारच्या स्क्रीनवर दिवसेंदिवस भाव हलत नाही. लिस्टिंग म्हणजे प्रवाह नव्हे.

प्रवाह नसेल आणि तरी करायचंच असेल तर मार्केट मेकरला पहिली दोन वर्षं पैसे द्यायची तयारी ठेवा, दोन्ही बाजूंचे भाव दिवसातला किती वेळ, किती फरकाने, हे ठरवून. त्याला दुसऱ्या बाजारात शेअर उसने मिळतात का तेही बघा, नाहीतर तो भाव देणार फक्त खरेदीचा.

पायरी ८ : चाचणी, मग सहा महिन्यांनी खरा हिशोब

चाचणीला खरा पैसा वापरा, एक शेअर घ्या, डिव्हिडंडच्या रेकॉर्ड डेटवरून न्या, मध्ये एखादी एकतर्फी सुट्टी येऊ द्या, मग विका आणि पैसे घरच्या बँकेत येईपर्यंत प्रत्येक टप्प्याची वेळ लिहा. डेमो सर्व्हरवर सगळंच पळतं.

सहा महिन्यांनी एकूण उलाढाल बघू नका, ती एखाद्या मोठ्या ब्लॉक डीलने फुगते. बघायचं ते किती वेगवेगळ्या गिऱ्हाइकांनी दुसऱ्यांदा ऑर्डर टाकली. पहिली ऑर्डर उत्सुकतेने जाते, काही वेळा एक्स्चेंजच्याच ओळखीच्या ब्रोकरने फोटोसाठी टाकलेली असते.

आकडे नाहीच आले तर दोन रस्ते दिसतात. थायलंड-सिंगापूरने दुसरा दरवाजा धरला, मे २०२३ पासून सीपी ऑल, एअरपोर्ट्स ऑफ थायलंड आणि पीटीटीईपी यांच्या डिपॉझिटरी रिसीट सिंगापूरलाच, सिंगापूर डॉलरमध्ये मिळतात, म्हणजे कटकट इश्यूअर आणि कस्टोडियनच्या डोक्यावर, गिऱ्हाइकाच्या नाही. आणि मिलावाल्यांपैकी तिघांनी, सँटियागो, बोगोटा आणि लिमाने, सरळ कंपन्याच एका होल्डिंगखाली आणल्या, २०२३ पासून नुआम नावाने. मेक्सिको त्यात नाही. मालक एक झाला की तीन सिस्टिमची एक करणं निदान एकाच बोर्डरूममध्ये ठरतं. पण रेग्युलेटर अजून तीन आहेत, पेसो दोन आणि सोल एक आहे, आणि चिलीचं घड्याळ अजूनही पुढेमागे होतं.